बिटवॉर्डन (सगळे पासवर्ड एकाच जागी कुलूपबंद ठेवणारं ॲप) वापरून ८ महिने झाले: चार डिव्हाइस, दोन माणसं, एक विसरलेला मास्टर पासवर्ड

आधी घरची परिस्थिती सांगतो. माझा अँड्रॉइड, बायकोचा आयफोन, घरी लिनक्स टाकलेला जुना लॅपटॉप आणि ऑफिसचा विंडोज लॅपटॉप ज्यावर आयटीवाले ब्राउझरचं एकही एक्स्टेंशन टाकू देत नाहीत. पासवर्ड अर्धे क्रोममध्ये, काही व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले, आणि वीजबिल भरायचं म्हटलं की दर महिन्याला बायकोला फोन, "अगं तो पासवर्ड काय होता?"

निवडताना मी एकच बघितलं, घरातल्या सगळ्यात अडेल डिव्हाइसवर काय चालतंय. ॲपलचं २०२४ ला आलेलं पासवर्ड्स ॲप बायकोला आवडलं होतं पण ते अँड्रॉइडवर नाहीच, विषय संपला. गुगलचं पासवर्ड मॅनेजर क्रोममध्ये झकास चालतं पण मी फायरफॉक्सवाला. लास्टपास या अशाच दुसऱ्या ॲपने २०२१ मध्येच फुकटवाल्यांना मोबाईल नाहीतर कॉम्प्युटर, एकच काय ते निवडा असं सांगितलं होतं, वर २०२२ मध्ये त्यांच्याकडचे ग्राहकांच्या व्हॉल्टचे (पासवर्डच्या तिजोरीचे) बॅकअप चोरीला गेले, पासवर्ड एन्क्रिप्टेड होते पण वेबसाइटचे पत्ते उघडेच, त्यामुळे तिकडे फिरकलोच नाही. कीपासएक्ससी (सगळे पासवर्ड आपल्याकडच्याच एका फाईलमध्ये ठेवणारं ॲप) मात्र दोन आठवडे मनापासून वापरलं. ती फाईल गुगल ड्राइव्हवर ठेवलेली, एका संध्याकाळी आम्ही दोघांनीही बदल केले आणि एकाच्या दोन फाइली झाल्या. दोन्ही एकत्र, म्हणजे मर्ज, करता येतं हो, पण मर्ज म्हणजे काय हे बायकोला समजावण्यापेक्षा मी ॲप बदललं.

बिटवॉर्डनमध्ये फुकटात पासवर्ड कितीही, डिव्हाइस कितीही, आणि दोन माणसांची ऑर्गनायझेशन, म्हणजे दोघांना दिसणारा सामायिक कप्पा, तीही फुकट. महावितरण, गॅस, पोराच्या शाळेचं पोर्टल सगळं त्यात टाकलं, आता बायकोला फोन करणं बंद. क्रोममधून पासवर्डची यादी सीएसव्ही फाईलमध्ये काढून इम्पोर्ट केलं तर २१४ एंट्री निघाल्या, त्यातल्या निम्म्या मेलेल्या. ती सीएसव्ही साधी उघडी फाईल असते, काम झालं की लगेच उडवा, रिसायकल बिनमधूनसुद्धा. माझी आठवडाभर डाउनलोड्समध्ये पडून होती.

मास्टर पासवर्डची, म्हणजे बाकी सगळे पासवर्ड उघडणाऱ्या एका पासवर्डची, गंमत ऐका. हुशारी करून चार मराठी शब्द घेतले आणि रोमनमध्ये लिहिले. देवनागरीत नाही, कारण प्रत्येक कीबोर्डवर ती मिळेलच असं नाही. पण रोमन मराठीला स्पेलिंग कुठे असतं? paus की paaus? तीन दिवस फोन नुसत्या बोटाच्या ठशाने उघडला आणि चौथ्या दिवशी लॅपटॉपवर मी ठार ब्लँक. मास्टर पासवर्ड विसरलात तर कंपनीसुद्धा काढून देऊ शकत नाही. पाच-सहा प्रयत्नांत लागला एकदाचा, आणि त्याच दिवशी कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवला. तुम्हीही ठेवा, लाजू नका.

ऑटोफिलचं, म्हणजे पासवर्ड आपोआप भरण्याचं, म्हणाल तर लॅपटॉपवर मक्खन. आयफोनवरही बरं. अँड्रॉइडवर मधेमधे पासवर्ड सुचवणारी पट्टीच यायची नाही, मग कळलं की फोनचं बॅटरी सेव्हर ॲपला मागून मारतंय, ते बंद केल्यावर बरंच सुधारलं. बँकेचं मात्र विचारू नका. आमच्या एका बँकेची साइट पेस्टच करू देत नाही आणि लॉगिनचा वेगळा, ट्रान्झॅक्शनचा वेगळा पासवर्ड. दुसरा मी त्याच एंट्रीत कस्टम फील्ड, म्हणजे जादा रकाना, करून ठेवलाय आणि बघून बघून टाइप करतो. वर ठरावीक दिवसांनी बदला म्हणतात आणि जुना चालत नाही. एंट्रीच्या हिस्टरीत आधीचे पासवर्ड राहतात, तेवढा आधार.

ऑफिसच्या लॅपटॉपवर सरळ फोनमध्ये बघून टाइप करतो. त्यासाठी तिथल्या साइटना चिन्हांचा कचरा न घेता शब्दांचे पासवर्ड जनरेट केले, बोटं तरी वाचली. गणपतीला गावी रेंज नव्हती तेव्हा पासवर्ड दिसत होते, बदल तेवढा करता येत नव्हता.

प्रीमियम (पैसे भरून मिळणारा प्लॅन) घेतलं नाही. ओटीपीचे कोड त्यातच ठेवता येतात म्हणे, पण कुलूप आणि किल्ली एकाच खिशात नको म्हणून ते एजिस या कोड दाखवणाऱ्या वेगळ्या ॲपमध्येच आहेत.

बाबांना दाखवलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "कंपनी बंद पडली तर?" प्रश्न रास्त होता. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी सगळ्या एंट्रींचा एक्सपोर्ट, म्हणजे पासवर्ड लावलेली प्रत, पेनड्राइव्हवर काढतो. बाबा स्वतः अजून डायरीतच लिहितात.