वर तीन पाइप, खाली तीन पाइप, मध्ये अखंड काच

जेलरोडच्या आमच्या घरात बाबा हॉलमध्ये झोपतात. नोट प्रेसमध्ये त्यांची सगळी नोकरी मशीनच्या घरघरीत गेली आणि निवृत्त झाल्यावर झोप इतकी सावध झाली की बाथरूमचा नळ टिपकला तरी ते उठून बसतात. त्यामुळे हॉलमध्ये माशांची चार फुटी टाकी घ्यायचं ठरलं तेव्हा मी अट एकच घातली होती, आवाज नको. काचेच्या भावावर मी घासाघीस केली नाही, माशांच्याही केली नाही. आवाजासाठी मात्र वेगळे पैसे मोजले आणि नेमकं तिथेच मला फसवलं. नाशिकमध्ये कोणी सम्पवाली टाकी करून घेणार असेल तर उरलेली रक्कम देण्याआधी हे वाचावं, म्हणून लाज बाजूला ठेवून सगळं लिहितोय.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. म्हणजे 12 घनफूट, साधारण 340 लिटर. खाली कपाटात सम्प, म्हणजे फिल्टरची दुसरी काचेची टाकी. वरचं पाणी कोपऱ्यातल्या ओव्हरफ्लो बॉक्समध्ये पडतं, तिथून पाइपाने सम्पमध्ये उतरतं, गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. खरी मेख त्या उतरणाऱ्या पाइपात आहे. एकाच पाइपातून पाणी आणि हवा दोन्ही जाऊ लागले की पाणी कधी हवा ओढतं, कधी सोडतं, आणि संडासचा फ्लश सतत चालू असल्यासारखा आवाज येत राहतो.

यावर उपाय ठरलेले आहेत. ड्युर्सो नावाच्या पद्धतीत एकाच पाइपाला वर टी आकाराचा जोड आणि हवेचं भोक देऊन आवाज कमी करतात. हर्बी पद्धतीत दोन पाइप असतात. मला हवी होती ती तीन पाइपांची, बीन ॲनिमल म्हणतात ती. तिच्यात पहिला पाइप हवा न घेता पूर्ण भरून वाहतो आणि त्याला गेट व्हॉल्व्ह लावून प्रवाह बसवतात. दुसऱ्याला वर हवेची नळी असते आणि त्यातून उरलेली बारीक धार पाइपाच्या भिंतीला चिकटून खाली जाते. तिसरा कोरडा असतो, फक्त संकटासाठी. पहिला तुंबला तर पाणी चढतं आणि दुसऱ्याच्या हवेच्या नळीचं तोंड बुडतं, की दुसराही भरून वाहायला लागतो. तोही अडला तर तिसरा आहेच. शांतपणा आणि सुरक्षितता एकाच रचनेत येते, म्हणून मला ती मनापासून आवडली होती.

दुकानदाराला मी हे कागदावर काढून दाखवलं. तो म्हणाला, "सर, हेच करतो आपण. सायलेंट सेट. तीन होल, तीन पाइप, वर गेट व्हॉल्व्ह." एकूण 58,000 रुपये ठरले, त्यातले 14,500 फक्त या प्लंबिंगचे. 35,000 आगाऊ दिले. बसवायच्या दिवशी टाकी भरेपर्यंत संध्याकाळ झाली. त्याने पंप दहा मिनिटं चालवून दाखवला. बॉक्समध्ये काळे तीन पाइप उभे होते, कपाटात तसेच तीन खाली सम्पमध्ये उतरलेले दिसत होते. घरात पाहुणे, मुलं नाचतायत, त्या गलक्यात आवाज किती येतोय हे कोण ऐकणार? मी उरलेले 23,000 मोबाइलवरून पाठवून दिले. पक्कं बिल मागितलं तर "उद्या आणून देतो" म्हणाला आणि "फिश टँक सेट 1" एवढंच लिहिलेली कच्ची पावती हातात ठेवून गेला.

पहिल्याच रात्री बाबा तीनदा उठले. सकाळी काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी गादी उचलून आतल्या खोलीत गेले. मला ते फार लागलं. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "पाइपला आतून शेवाळ धरू द्या, आवाज आपोआप जातो." पंधरा दिवसांनी म्हणाला महिनाभर थांबा. हे सांगणं चतुर होतं, कारण नवीन टाकी काही दिवसांत थोडी शांत होते हे खरंच आहे. त्या थोड्याशा खऱ्यावर मी सहा आठवडे थांबलो.

मग जुलैतल्या एका पावसाळी रात्री वीज गेली आणि दोनच्या सुमारास परत आली. पंप सुरू झाला. व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीचं एक लांब पान ओढलं जाऊन पहिल्या पाइपाच्या तोंडावर बसलं. दुसऱ्या पाइपाने पाणी घ्यायला हवं होतं, निदान तिसऱ्याने तरी. कोणीच घेतलं नाही. पंपाच्या कप्प्यात 40 लिटर पाणी होतं, ते सगळं त्याने वर फेकलं. आमच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे 14 लिटर. काठापर्यंत दीड इंच जागा होती, तिच्यात 21 मावले. उरलेलं जवळपास एक जारभर पाणी हॉलमध्ये सांडलं आणि खालच्या काकूंच्या पीओपीत उतरलं. पंप कोरडा फिरून जळाल्याचा वास आला तेव्हा आम्ही जागे झालो. काकूंच्या छताचे 6,000 मी भरले. त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत.

खरं काय झालं ते कळलं माझ्या मामेभावामुळे. दादा पिंपळगावला द्राक्षबागांची ड्रिप बसवतो, टाक्यांमधलं त्याला काही कळत नाही. पण तो कपाटात डोकं घालून पाच मिनिटं नुसता ऐकत बसला आणि म्हणाला, "यात हवा कोंडतेय. मेनलाइनला एअर व्हॉल्व्ह का लावतो आपण? पाणी गप्प असतं, बोंबलते ती हवा." मग त्याने दुसरा पाइप धरून हलवला आणि तो सिलिकॉनसकट त्याच्या हातात आला.

वरचा तुकडा टाकीच्या तळाच्या काचेला वरून चिकटवलेला. खालचा तुकडा काचेला खालून चिकटवलेला. मध्ये 12 मिलिमीटरची अखंड काच, होलच नाही. तिसऱ्याचंही तसंच. होल पाडताना काच तडकली तर भुर्दंड त्याला बसतो, म्हणून त्याने एकच पाडून भागवलं होतं. चालू पाइपावरचा व्हॉल्व्हही गेट नव्हताच, पाव फेऱ्यात उघडझाप होणारा बॉल व्हॉल्व्ह होता, ज्यावर बारीक प्रवाह बसवता येत नाही. पाइपावरचा काळा स्प्रे बाबांनी पॉलिश पेपरने घासला, तर खाली 4 केजी दाबाचा शेतीचा करडा पाइप. तो पाइप वाईट नाही, इथे दाब नसतोच. पण माझ्याकडून पैसे जाड यूपीव्हीसीचे घेतले होते. एक गोष्ट त्याने बरोबर केली होती, तीही सांगतो. परतीच्या पाण्याचं तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम इंचभर खाली ठेवलं होतं, त्यामुळे वीज गेल्यावर उलटं येणारं पाणी सम्पमध्ये मावत होतं.

दुकानदार म्हणाला, "ते दोन शोसाठीच असतात." त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. माझ्याकडे पुरावा म्हणून पैसे पाठवल्याच्या नोंदी, त्याचे मेसेज आणि ते दोन खोटे पाइप आहेत. पक्कं बिल असतं तर काम खूप सोपं झालं असतं. त्यात होल किती, व्हॉल्व्ह कोणता, पाइप कुठला, हे शब्दांत लिहून घ्या.

पैसे देण्याआधी स्वतः उभं राहून हे करून बघा. पंप चालू ठेवून पहिल्या पाइपाचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. पाणी चढून दुसऱ्यात भरून वाहायला हवं. मग दुसऱ्यात कापडाचा बोळा घाला, सगळं पाणी एकट्या तिसऱ्याने न्यायला हवं. नंतर बोळा काढा, व्हॉल्व्ह होता तसा करा आणि पंप बंद करून सम्पमधलं पाणी काठाच्या किती जवळ येतं ते बघा. पाणी उलटं येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आहे असं कोणी सांगितलं तरी ही चाचणी सोडू नका, त्यात कचरा अडकला की तो गळतो. पंप पुन्हा सुरू केल्यावर थोडा वेळ गुडगुड होईल, पण पहिल्या पाइपातली हवा आपोआप निघून आवाज थांबला पाहिजे. थांबत नसेल तर त्याचं सम्पमधलं तोंड पाण्यात किती बुडलंय ते पाहा. इंचभर पुरतं, जास्त खोल गेलं की हवा बाहेर पडत नाही. हे सगळं अर्ध्या तासात होतं. मी दहा मिनिटांवर समाधान मानलं.

दादाने मासे निळ्या ड्रममध्ये एअर पंपावर ठेवून टाकी रिकामी केली, काच कापणाऱ्याकडून उरलेली दोन होल पाडून घेतली आणि ड्रिपच्या दुकानातून गेट व्हॉल्व्ह आणून लावला. पंपही नवा घ्यावा लागला. सगळं मिळून 7,200 रुपये लागले. बाबा पुन्हा हॉलमध्ये झोपतात.

गेल्या आठवड्यात गंगापूर रोडच्या एका गृहस्थांचा पत्ता लागला. टाकी त्याच माणसाने बसवलेली, त्यांनाही शेवाळ धरू द्या म्हणून सांगितलेलं. त्यांच्या कपाटात हात घालून दुसरा पाइप हलवला, तर तोही हलला. पंपाच्या कप्प्यातलं पाणी त्याच संध्याकाळी कमी करून दिलंय, म्हणजे तुंबलं तरी टाकीच्या काठात मावेल. रविवारी दादा ड्रम घेऊन येतोय.