‘कुणामुळं झालं?’ याचं उत्तर देणारी ओपीडी : राजारामपुरीतलं जेनेटिक कौन्सेलिंग आणि फीटल इको

मी कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कोअर शॉपला आहे, म्हणजे ओतकामाच्या साच्यात बसवायचे वाळूचे गाभे (कोअर) बनतात तिथं. माझ्या थोरल्याला जन्मतः हृदयाचा ‘फॅलो’ नावाचा आजार होता. रडला की ओठ निळे पडायचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून त्याचं ऑपरेशन झालं आणि आता तो ठणठणीत आहे. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा घरच्या स्त्री-रोग डॉक्टरांनी सांगितलं, आधी जेनेटिक कौन्सेलिंग करा, म्हणजे आजार घराण्यातून येतो का याचा सल्ला घ्या, मग फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी. दोन्ही एकाच ठिकाणी होतं म्हणून आम्ही राजारामपुरीतल्या या केंद्रात गेलो.

आईला मुद्दाम बरोबर नेलं. कारण घरात पोराच्या जन्मापासून एकच गोष्ट चालू होती : हिनं ग्रहणात विळी हातात घेतली, म्हणून लेकराच्या काळजाला भोक पडलं. पाहुणे-पै आले की हाच विषय, आणि बायको खाली मान घालून ऐकून घ्यायची.

कौन्सेलर मॅडमनी निवांत वेळ दिला. कागदावर तीन पिढ्या काढल्या, पुरुषाला चौकोन, बाईला गोल. कुणाचं मूल लहानपणी गेलं का, कुणाचे गर्भ पडले का, लग्न नात्यातलं आहे का, सगळं विचारलं. आमचं नात्यातलं नाही. पण आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्न सर्रास होतं, आणि सख्ख्या आते-मामे भावंडांचा जनुकांचा आठवा हिस्सा सारखा असतो, त्यामुळं धोका थोडा वाढतो, हे त्यांनी कुणाला न दुखावता सांगितलं. मग बायकोला विचारलं : सुरुवातीच्या महिन्यांत पुरळ उठून ताप आला होता का? आधीपासून मधुमेह? फिटच्या गोळ्या? प्रत्येक प्रश्नामागचं कारणही सांगत होत्या. रुबेला झाला तर बाळाचं हृदय, डोळे, कान तिन्हीवर घाला येतो. त्याची लस दिवस जाण्याआधी घ्यायची असते, गरोदरपणात चालत नाही. साखर आधीपासून वाढलेली असेल तर ती दिवस जाण्याआधीच आटोक्यात आणायला हवी.

मग त्यांनी आईकडं वळून विचारलं, “मावशी, ग्रहण कितव्या महिन्यात होतं?”

“सातवा सरत आला होता.”

“हृदय आधी साधी नळी असतं. गर्भ राहिल्यापासून साधारण 22 व्या दिवशी ते धडधडायला लागतं, मग वळतं, मग त्यात पडदे पडतात. आठव्या आठवड्यापर्यंत भिंती बांधून झालेल्या असतात. सातव्या महिन्यात विळीनं तिथं काय होणार? आणि ग्रहण पहिल्या महिन्यात असतं, तरी त्यानं काही झालं नसतं.”

आई गप्प बसली. घरी आल्यावर तो विषय तिनं काढलेला नाही. माझ्या मते या केंद्राची फी इथंच वसूल झाली.

फॅलोचं त्यांनी चित्र काढून दाखवलं. हृदयातून वर निघणारी नळी सुरुवातीला एकच असते. तिच्यात पडदा पडून दोन वाहिन्या होतात, एक फुप्फुसाकडं, दुसरी अंगाकडं. हा पडदा घडवायला बाळाच्या मज्जारज्जूच्या कडेनं निघालेल्या पेशी तिथवर चालत येतात. पडदा जरा पुढं सरकला, की फुप्फुसाची वाट अरुंद होते, खालच्या भिंतीशी सांधा न जुळल्यानं छिद्र राहतं, महाधमनी त्या छिद्रावर येऊन बसते आणि जोर लावून लावून उजव्या कप्प्याची भिंत जाड होते. हे मला लगेच पटलं. साच्यात कोअर दोन सूत सरकला तर कास्टिंग एकीकडं जाड, एकीकडं पातळ निघतं. दोष चार दिसतात, सरकलेलं एकच असतं.

हृदयातला पडदा का सरकला? काही मुलांत 22 नंबरच्या गुणसूत्राचा बारीक तुकडा गळालेला असतो. अशा मुलांना टाळूचा, कॅल्शियमचा, प्रतिकारशक्तीचाही त्रास असू शकतो. आणि आई-बापापैकी एकात तो दोष असेल तर प्रत्येक खेपेला निम्मी शक्यता. म्हणून पोराचं रक्त तपासायला घेतलं. तपासणी महाग आहे, रिपोर्टला वेळ लागतो, पण फॅलो असलेल्या मुलाची ही तपासणी टाळू नये असं माझं मत आहे. आमच्याकडं तुकडा जागेवर निघाला. मॅडम म्हणाल्या, बहुतेक घरांत नेमकं एक कारण सापडतच नाही. अनेक जनुकं आणि थोडं बाहेरचं मिळून हे होतं. एरवी 100 जन्मांत एखाद्या बाळाला हृदयदोष असतो, आमच्यासाठी तो धोका 100 त साधारण 3. म्हणजे 97 वेळा नाही. आकडा असा दोन्ही बाजूंनी सांगितला हे मला फार आवडलं.

फीटल इको 18 ते 22 आठवड्यांत करतात. चारही कप्पे, दोन्ही वाहिन्या नीट दिसल्या. डॉक्टरांनी आपणहून बजावलं, की बारीक छिद्र पोटात असताना नजरेतून सुटू शकतं, बाळ झाल्यावर पुन्हा इको करा. खोटा दिलासा न देणारा डॉक्टर मला जास्त विश्वासाचा वाटतो.

तक्रारी आहेत. पोटुशी बाई तासभर बसेल अशा खुर्च्या नाहीत. रिपोर्ट सगळा इंग्रजीत. खाली चार ओळी मराठीत लिहायला काय हरकत आहे? आणि काउंटरवर ‘फक्त नवरा-बायको आत’ म्हणतात. तिथं हटून बसा, सासूला आत न्याच. आधार कार्ड विसरू नका, सोनोग्राफीआधी फॉर्म एफ, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदी कायद्याचा फॉर्म, भरावा लागतो. पहिल्या मुलाच्या ऑपरेशनची फाईल मूळ न्या, झेरॉक्सवर जुन्या इकोची चित्रं काळी येतात.