तांबट आळीतला मठारलेला तांब्या: दहा महिने वापरल्यावर

धनत्रयोदशीच्या आदल्या आठवड्यात पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतून मी पाच वस्तू आणल्या होत्या. घरासाठी एक मठारलेला, म्हणजे हातोड्याने अंगभर ठोके मारलेला तांब्या, त्यावर झाकणासारखं बसणारं फुलपात्र, आणि भेट द्यायला दोन लहान घंगाळं व एक पाण्याचा जग. आता गौरी-गणपती होऊन गेले. दहा महिने रोजच्या हाताळणीत काय टिकलं आणि काय नाही, हे सविस्तर लिहिते, कारण दिवाळी जवळ आली की घरातले आणि ओळखीतले मला हाच प्रश्न विचारतात: द्यायला चांगलं काय मिळतं, आणि कुठे?

या आळीतल्या तांबटांचे पूर्वज पेशवाईत कोकणातून पुण्यात आले. घरांच्या खालच्या बाजूला कामाची जागा, तिथेच रस्त्याकडे तोंड करून मांडलेली भांडी. मी ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्या दारावर पाटीसुद्धा नाही. मी दोन तांबे उचलून बघत होते, तर काका म्हणाले, "ताई, डोळ्यांनी नका बघू, वाजवून बघा." टिचकी मारली. पातळ पत्र्याचा तांब्या 'टक' करून थांबला. मठारलेला मात्र थोडा वेळ गात राहिला. तोच घेतला. वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास, आणि तांब्याचा भाव धरून वर घडणावळ असे फुलपात्रासकट 1,650 रुपये झाले.

मठारकामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बहुतेक जण त्याला नक्षी समजतात. मीही समजत होते. तांबं भट्टीत लाल करून गार केलं की अगदी नरम पडतं, हाताने दाबलं तरी वाकतं. त्यावर हातोड्याचे घाव बसत गेले की ते कडक होत जातं. म्हणून भांडं घडवून, सांधे जोडून, धुऊन झालं की शेवटी चकचकीत घासलेल्या तोंडाच्या हातोड्याने ओळीने एकेक ठोका मारत सगळं अंग भरून काढतात. पातळ पत्र्याला ताकद येते ती या ठोक्यांमुळे, आणि प्रकाश पडल्यावर भांडं लुकलुकतं तेही त्यांच्यामुळेच. हाताच्या कामात ओळी पोटाच्या गोलाईबरोबर वळतात आणि गळ्याशी ठोके बारीक होतात. साच्यात दाबून उठवलेले ठोके वरपासून खालपर्यंत एकाच मापाचे असतात. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की पुढे कधी फसायला होत नाही.

मी आधी फसले होते. एका मोठ्या संकेतस्थळावरून 'शुद्ध तांबं' म्हणून चार पेले मागवले होते. महिन्याभरात कडेची लाली उडाली आणि खाली पांढरट धातू दिसायला लागला. फ्रिजवरचं चुंबक लावलं, तर चिकटलं. तांब्याला चुंबक धरत नाही, त्यामुळे खरेदीला जाताना पर्समध्ये एक छोटं चुंबक टाका. आळीत ते काढलं तेव्हा काकांना राग आला नाही, त्यांनी स्वतःहून आणखी दोन भांडी पुढे केली.

आता वापराबद्दल. तांब्या रात्री भरून उशाशी ठेवतो, सकाळी पाणी संपवतो, लगेच रिकामा करून पुसतो. पाण्याला पहिले चार दिवस धातूची किंचित चव होती, नंतर जाणवेनाशी झाली. तांब्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात जंतू मरतात हे प्रयोगशाळेत दिसून आलं आहे, पण म्हणून गढूळ पाणी यात ओतून निर्धास्त होऊ नका. आमच्याकडे पाणी गाळूनच भरतो. आणि आंबट काही म्हणजे काही नाही: ताक नाही, लिंबू सरबत नाही, कोकम नाही. कल्हई, म्हणजे आतून कथलाचा मुलामा, नसलेल्या भांड्यात ताक कळकतं, धातू उतरून बिघडतं, हे आपल्या आज्यांना पाठ होतं. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी प्रेमाने त्यात सरबत केलं, ते सगळं ओतून द्यावं लागलं. ज्यांना पिण्यापलीकडे वापरायचं आहे त्यांनी आतून कल्हई लावून घ्यावी. कथील आणि नवसागर घेऊन बसणारे कल्हईवाले आता कमी झालेत, पण आळीत विचारलंत तर पत्ता मिळतो.

घासणं हा प्रश्न सगळ्यांना घाबरवतो. खरं सांगते, रोज घासावं लागत नाही. पाण्याने विसळून कोरड्या फडक्याने पुसलं की आठवडा जातो. रविवारी चिंच भिजवून, चिमूटभर मीठ घालून हाताने चोळते. दोन मिनिटांत काळपटपणा सुटतो आणि आतून ती गुलाबी लाली वर येते. मी पितांबरीही वापरून पाहिली. ती झटपट काम करते, पण ठोक्यांच्या खळग्यांत पावडर अडकून राहते आणि ती काढायला वेगळा ब्रश लागतो. तारेची घासणी मात्र कधीच लावू नका, तिचे ओरखडे जात नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चिंचेचं पाणी पूर्ण धुऊन भांडं लगेच कोरडं करणं. एकदा घाईत तसंच पालथं घातलं, तर संध्याकाळपर्यंत तपकिरी डाग उमटले होते. आषाढ-श्रावणात हवा इतकी दमट होती की आठवड्यातून दोनदा घासावं लागलं, ही तयारी ठेवा.

चौथ्या महिन्यात तांब्या ओट्यावरून पडला आणि पोटाला बोटभर पोचा आला. माझा जीव हळहळला. काकांकडे घेऊन गेले. त्यांनी तो लोखंडी खुंटावर चढवला, आतल्या बाजूने आधार देत बाहेरून ठोकत पोचा काढला, त्या जागेवर पुन्हा मठारलं आणि पन्नास रुपये मागितले. सगळं माझ्यासमोर, चहा संपायच्या आत झालं. स्वतंत्र, लहान दुकानांबद्दल मी इतकी आग्रही का आहे, त्याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं: ज्याने वस्तू केली तो तिथेच बसलेला असतो. त्या जागचे ठोके किंचित वेगळे आहेत. रात्री अंधारात पाणी ओतताना बोटाला लागतात, आणि मला ते आवडतात.

भेटींचं काय झालं, तेही सांगते. एक घंगाळ भाच्याच्या वास्तुशांतीला दिलं. दारात पाणी भरून त्यात झेंडू आणि शेवंती, आणि आल्यागेल्याची नजर तिथेच. दुसरं मैत्रिणीला दिलं, तिने त्यात माती घालून थेट रोप लावलं. महिन्याभरात रोप मान टाकायला लागलं आणि आतून हिरवट जंगाल चढलं. तांबं मुळांना सोसत नाही. आता ती प्लॅस्टिकची कुंडी आत ठेवते आणि दोन्ही सुखात आहेत. जग मालवणला मावशीकडे गेला. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यावर तो पंधरा दिवसांत हिरवा व्हायला लागला. तिच्यासाठी मी स्टीलचं काही घ्यायला हवं होतं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना तांबं द्यायचं असेल तर आधी विचारा, त्यांना घासायला वेळ आहे का.

हल्ली पाणी तापवायच्या जुन्या बंबांना भोकं पाडून त्यांचे दिवे करायची पद्धत आली आहे. दिसायला छान दिसतात. पण मधल्या नळीत निखारे आणि भोवती पाणी, अशी ती विचारपूर्वक केलेली रचना आहे. माझ्या आजीचा बंब चालू स्थितीत माळ्यावर आहे आणि त्याला भोक पाडायला मी कुणाला देणार नाही. त्याउलट फुटलेली, गळकी भांडी असतील तर मोडीत घाला. आळीत तांब्याच्या वजनाचे पैसे नव्या भांड्यातून वळते करून देतात. आमच्या दोन गळक्या कळश्या अशाच कारणी लागल्या.

तोट्याची बाजूही सांगायला हवी. दुकानात हिशेब वहीवर होतो, पार्सलची सोय नाही, आणि भेटीसाठी खोका हवा असेल तर तो तुम्हीच आणायचा. मी खणाच्या कापडात गुंडाळून दिलं, ते खोक्यापेक्षा चांगलं दिसलं. आणि वेळ: हातात तयार माल नसेल तर मठारून मिळायला दोन-तीन आठवडे लागतात. मार्गशीर्षात पुतणीचं लग्न आहे, तिच्यासाठी पाच तांब्या-फुलपात्रांची मागणी मी कालच वहीत लिहून आले. काकांनी वजन किती ठेवायचं ते विचारलं आणि शेजारी लिहिलं: साडेसहाशे.