एक घर विकलं, दुसरं ताब्यात यायचंय : बेळगावातल्या तात्पुरत्या भाड्याच्या सोयींचं परीक्षण

घर विकून दुसरं घेणाऱ्यांचा हिशोब बहुधा एकाच जागी चुकतो. दोन्ही दस्त एकाच महिन्यात होतील असं धरलेलं असतं. आपली विक्री उरकते, पण घ्यायच्या घराचा ई-खाता (मिळकतीचा डिजिटल उतारा) महापालिकेत अडकलेला असतो, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ई-खाता नसेल तर शहरी मिळकतीची नोंदणी होत नाही. त्यात आषाढ किंवा पितृपक्ष आडवा आला की संचकारपत्र (विसार देऊन केलेला खरेदीचा करार) झालेले लोकसुद्धा दस्त पुढे ढकलतात. सहा आठवड्यांचं अंतर बघता बघता पाच महिन्यांवर जातं.

या मधल्या काळासाठी सगळ्यात चांगली सोय एजंट कधी सांगत नाही, कारण तीत त्याला काही मिळत नाही : विकलेल्याच घरात भाडेकरू म्हणून राहणं. सामान एकदाच हलतं, मुलांची शाळा तुटत नाही. घेणारा कर्जाच्या हप्त्याचं कारण सांगून नको म्हणतो. मग त्याच्या कर्जाच्या महिन्याच्या व्याजाइतकं भाडं ठरवा, ते बाजारभावापेक्षा थोडं जास्त पडलं तरी चालेल. मात्र तोंडी बोलीवर राहू नका. दस्तात 'आज ताबा दिला' असं छापील वाक्य असतं आणि आपण आतच असतो, तिथे पुढे वाद होतो. ताबा कोणत्या तारखेला, तोवर वीज-पाणी कोणाचं, उशीर झाल्यास दिवसाला किती, हे वेगळ्या करारात लिहा. घेणारा काही रक्कम राखून ठेवतो म्हणाला तर ती किती आणि कधी सुटणार हेही त्यातच. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो घेणाऱ्याचे नातेवाईक दर रविवारी घर बघायला येतात म्हणून.

ते जमलं नाही तर नेहमीचा ११ महिन्यांचा करार. कोल्हापूर-पुण्याचे पाहुणे इथे एक चुकीचा सल्ला देतात : करार नोंदवूनच घ्या. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स नोंदवावाच लागतो; कर्नाटकात वर्षाच्या आतल्या भाडेकराराला नोंदणीची सक्ती नाही, ई-स्टँप पेपरवर नोटरी करून काम भागतं. मजकूर कन्नडमध्ये असेल तर ओळ न् ओळ वाचून घ्या. एजंटकडचा तयार नमुना वर्षभर राहणाऱ्यासाठी असतो आणि आपल्याला त्यातली तीन कलमं नडतात.

पहिलं लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी घर सोडलं तरी तोवरचं भाडं देणं. सहा महिन्यांचं लॉक-इन असेल आणि नवं घर चौथ्या महिन्यात मिळालं, तर दोन महिन्यांचं भाडं फुकट जातं. ते काढून 'कधीही ३० दिवसांची सूचना' एवढंच ठेवा. त्यासाठी भाडं थोडं वाढवून मागितलं तरी द्या. दुसरं रंगाचं कलम. घर सोडताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं ॲडव्हान्समधून (मालकाकडच्या अनामत रकमेतून) कापतात. पाच महिने राहणाऱ्यानं ते जितके महिने मुक्काम झाला त्या प्रमाणात ठरवून घ्यावं आणि पहिल्याच दिवशी सगळ्या भिंतींचे फोटो मालकाला पाठवावेत. तिसरं ॲडव्हान्स परतीचं. 'घर सोडल्यावर' असं मोघम नको, 'किल्ली देताना' हवं.

समजा भाडं १२,००० आहे आणि मुक्काम पाच महिन्यांचा. भाडं ६०,०००, एजंटचं एक महिन्याचं कमिशन १२,०००, रंगाची पूर्ण कपात १२,०००. म्हणजे महिन्याला १२,००० नव्हे, १६,८००. मालक दोनेक हजार जास्त मागतोय पण मध्ये एजंट नाही आणि रंगाची कपातही नाही, तर तेच घर स्वस्त. गेटवरचे टू-लेट बोर्ड पायी फिरून बघण्यात म्हणूनच फायदा आहे. नीट बदलून घेतलेल्या कराराला चार, एजंटच्या नमुन्याला दोन.

आता लीज. विक्रीचे पैसे बँकेत आहेत हे कळलं की हा प्रस्ताव येतोच : आठ-दहा लाख द्या, भाडं शून्य, सोडताना पूर्ण रक्कम परत. ऐकायला गोड. पण बहुतेक मालक ती रक्कम पुढचा लीजवाला आला की त्याच्याकडून घेऊन परत देतात. म्हणजे आपल्याला सब-रजिस्ट्रार कचेरीत पैसे लागतात त्याच आठवड्यात ते दुसऱ्याच्या घरात अडकलेले असतात. कराचाही मुद्दा आहे. विक्रीवरच्या दीर्घकालीन नफ्याची करसवलत हवी असेल तर दोन वर्षांत घर घ्यावं लागतं (बांधणार असाल तर तीन), आणि विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेला नफा १९८८ च्या कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीममध्ये ठेवावा लागतो. लीजला दिलेली रक्कम त्यात धरली जात नाही. त्या खात्यातून काढलेले पैसे ६० दिवसांत घरासाठीच वापरायचे असतात. संचकाराची तारीख ठरण्याआधी उचलू नका. मधल्या घरासाठी लीजला एक गुण, तोही उदारपणे.

सर्व्हिस अपार्टमेंट पंधरा दिवसांपर्यंत ठीक. त्यापुढे स्वयंपाकघराचा आकारच माणसाला बाहेर काढतो.

जागा कुठे? नेहरूनगर आणि उद्यमबागच्या बाजूला मेडिकल-इंजिनिअरिंगच्या मुलांमुळे मालकांना माणशी भाड्याची सवय. चार महिन्यांच्या कुटुंबाला ते फारसे उत्सुक नसतात. वडगाव-खासबागला भाडं परवडतं, पण शेजारी यंत्रमाग आहे का ते कामाच्या वेळी जाऊन ऐका, आणि गल्लीत १४ फुटी ट्रक वळतो का तेही बघा. नाहीतर दोन खोल्यांचं सामान छोटा हत्तीच्या तीन-चार फेऱ्यांत जातं. टिळकवाडी-हिंदवाडीत तळमजला मिळाला आणि परसात विहीर असली तर उत्तम. राकसकोप-हिडकल धरणांचं नळाचं पाणी मेमध्ये लांबलं की विहिरीची किंमत कळते. जुन्या कौलारू घरात जून ते सप्टेंबर प्लायवूडची कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, मागून बुरशी धरते.

मीटर स्वतंत्र आहे ना, हे ॲडव्हान्स देण्याआधी बघा. गृहज्योतीची (कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेची) सवलत भाडेकरूलाही मिळते, पण आधारला जोडलेला जुन्या घराचा आर.आर. नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) आधी सरकारच्या सेवासिंधू पोर्टलवर तोडावा लागतो. दोन बिऱ्हाडांत एकच मीटर असेल तर मालक सांगेल तो युनिटचा दर, आणि सवलत त्याच्याच नावावर. किल्ली घेताना आणि देताना रीडिंगचा फोटो काढा, तारखेसकट.