शंभर घरांची चौकट आणि एक लॉगर: गावापुढे कितपत चालतात?

वृक्षरेषेच्या, म्हणजे झाडं वाढणं थांबतं त्या उंचीच्या, वरच्या वनस्पतींचा अभ्यास खालच्या गावाला समजावायचा, तर स्लाइडांपेक्षा एक मीटर बाय एक मीटरची चौकट बरी. 2001 मध्ये युरोपातल्या शिखरांवर सुरू झालेल्या 'ग्लोरिया' उपक्रमात हीच वापरतात: शिखरावर असे 16 चौरस, त्यांतल्या वनस्पतींची काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा मोजणी.

चौकट हाताने बनते. मीटरभर लांबीच्या चार अॅल्युमिनियम पट्ट्या, दर 10 सेंटिमीटरवर भोक, 18 दोऱ्या. घरं शंभर, म्हणजे एक घर एक टक्का. 'आच्छादन' (जमिनीचा किती भाग कशाने झाकलाय) हा शब्द न काढताही मेंढपाळ घरं मोजून गवत किती, दगड किती ते सांगतो. नायलॉनची दोरी नको. भिजली की सैल पडते आणि घरं वाकडी होतात. बघायचं सरळ वरून, नाहीतर उंच पातं शेजारच्या घरात मोजलं जातं. बेरीज शंभरावर गेली तर चूकच झाली असं नाही, रोपं एकमेकांवर पसरलेली असतात.

पण खरा जीव लॉगरमध्ये. लॉगर म्हणजे 10 सेंटिमीटर खोल पुरलेलं, ठरावीक वेळाने मातीचं तापमान टिपणारं छोटं यंत्र. जाड बर्फाखाली आलेखाची रेघ जवळपास सपाट राहते, वितळताना शून्याला चिकटते, आणि बर्फ हटला की दिवसा वर, रात्री खाली अशी नाचू लागते. कळप वर कधी नेला हे लोकांना पाठ असतं. ती तारीख त्यांच्याच हाताने पेनाने आलेखावर टाकून घ्यावी. वाऱ्याच्या धारेवरचा लॉगर मात्र आधी दाखवू नये. तिथे बर्फ टिकत नाही, रेघ हिवाळ्यातही हलते आणि सगळा गोंधळ होतो.

चौकटीत एक खोट आहे: ती किती ते दाखवते, कोण आलं ते नाही. 2001 ते 2008 दरम्यान युरोपातल्या बऱ्याच शिखरांवर प्रजाती वाढल्या. हे सभेत नुसतं सांगितलं की लोक खूश होतात! खालच्या, ऊब मानवणाऱ्या वनस्पती वर सरकताहेत, हे त्याच दमात सांगावं लागतं. नावांचा तक्ताही सोबत हवा, कारण एका स्थानिक नावात कधी तीन प्रजाती निघतात.

प्रात्यक्षिक गावाजवळच्या कुरणात करावं. कायमच्या चौरसाभोवती वीस माणसं उभी राहिली, तर पुढच्या मोजणीत त्यांच्या बुटांचाच परिणाम मोजला जाईल.