मल्चिंग पेपर की उसाचं पाचट? जालन्याच्या उन्हाळ्यात दोन्ही वापरल्यावर

मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरायचं पातळ प्लास्टिक, घ्यावा का, हा प्रश्न डिसेंबर लागला की आमच्याकडे जो तो विचारतो. माझं उत्तर पिकाप्रमाणे बदलतं. कलिंगड, खरबूज, मिरची, टोमॅटो अशा हंगामी पिकाला पेपर घ्याच, आणि जाड घ्या. मोसंबीसारख्या बागेत मात्र प्लास्टिक अंथरू नका. तिथे उसाचं पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, घाला. गेल्या वर्षी जानेवारीपासून मी दोन्ही एकाच शिवारात, एकाच विहिरीच्या पाण्यावर वापरले. एकीकडे पेपरवर कलिंगड आणि त्याच पेपरवर पुढे मिरची, दुसरीकडे आंबे बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारी, मोसंबी पाचटावर. त्यातून जे दिसलं ते सविस्तर लिहितो.

शेत अंबड तालुक्यात. जमीन काळी, मध्यम खोलीची, खाली मुरूम. विहिरीला मार्चपर्यंत बरं पाणी असतं, एप्रिलमध्ये उपसा कमी करावा लागतो आणि मे महिन्यात विहीर किती तास चालेल हे रोज पाहावं लागतं. पारा बेचाळीसच्या वर जातो, वारा कोरडा. अशा ठिकाणी आच्छादनाचं पहिलं काम गवत थांबवणं हे नाही, मातीतली ओल धरून ठेवणं हे आहे. खुरपणीचा खर्च वाचतो तो वरचा फायदा. दुकानात उलटं सांगतात, म्हणून लोक स्वस्तातला पातळ काळा पेपर घेऊन जातात. गवत थांबतं, पण एप्रिलमध्ये त्या काळ्या पेपरखाली मुळं भाजतात. उन्हाळी लागवडीला वरून चंदेरी, खालून काळा पेपरच हवा. चंदेरी बाजू ऊन परतवते, काळी बाजू उजेड अडवते म्हणून खाली गवत वाढत नाही.

जाडीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण फसवणूक इथेच होते. वेष्टनावर २५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छापलेलं असतं आणि आत माल पातळ निघतो. मायक्रॉन मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, पण वजनकाटा असतो. ४ फूट रुंद आणि ४०० मीटर लांब रोल असेल तर आतली नळी वगळून २५ मायक्रॉनचा रोल साधारण सव्वा अकरा किलो भरतो, ३० मायक्रॉनचा साडेतेरा किलो. काट्यावर नऊ किलो आले तर तो २० मायक्रॉनचा आहे, छापील काहीही असो. किंवा लांबी कमी आहे, तेही होतं. म्हणून रोलचा भाव न विचारता किलोचा भाव विचारावा आणि रोल समोर तोलून घ्यावा. पाच फुटांवर गादीवाफे, म्हणजे उंच वाफे, पाडले तर एकराला सातेक रोल लागतात. मी अर्ध्या क्षेत्रावर ३० मायक्रॉन आणि अर्ध्यावर त्याहून पातळ असा मुद्दाम घेतला होता. पहिले तीन महिने दोघांत काही फरक दिसला नाही. फरक कळला तो शेवटी, पेपर काढताना.

पेपर अंथरण्याआधी जे जमिनीत घालायचं ते घालून घ्यावं लागतं. चांगलं कुजलेलं शेणखत, निंबोळी पेंड, बेसल डोस (लागवडीआधीचं खत), सगळं गादीवाफ्यातच. एकदा पेपर पडला की पुढचं खत फक्त ठिबकमधून, म्हणजे १९:१९:१९, १२:६१:०, फळ धरल्यावर ०:५२:३४ आणि १३:०:४५ अशी विद्राव्य खतं (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांचे), आणि ती स्वस्त नाहीत. शेणखतात हात आखडला तर पुढे दर आठवड्याला पिशवी फोडत बसावं लागतं. ट्रॅक्टरच्या मल्चिंग यंत्राने गादीवाफा, ठिबकची नळी आणि पेपर एकाच फेरीत होतं. यंत्र येवो की मजूर, कामाला सकाळी लवकर लागावं आणि वारा नसताना. कडा चांगल्या चार-सहा इंच मातीत गेल्या पाहिजेत. मार्चमधल्या एका वावटळीने आमच्या शेजारच्या शिवारातला सैल पेपर रोपांसकट उचलून बांधावर नेऊन टाकला.

कलिंगडाला पेपरने जे दिलं त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. जानेवारीच्या थंडीत पेपरखालची माती जरा उबदार राहते, त्यामुळे रोप लवकर धरलं. वेल पसरेपर्यंत वरून क्रॉप कव्हर, म्हणजे रोपं झाकायचं पातळ कापड, होतं, त्यामुळे नागअळी आणि पांढरी माशी फार आत आली नाही. फळं मातीला टेकत नाहीत म्हणून खालची बाजू स्वच्छ राहिली, सड कमी निघाली. रमजानच्या महिन्यात कलिंगडाला मागणी असते, तो बाजार धरता आला.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. भोकरदन-सिल्लोडकडे मे महिन्यात ठिबक आणि पेपरवर मिरची लावायची रीत आता चांगली रुळली आहे; पावसाळ्यात पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात जी हिरवी मिरची येते, त्यातली बरीचशी अशीच लावलेली असते. आम्ही कलिंगडाचे वेल बुडाशी कापून काढले. उपटले असते तर छिद्रं फाटली असती. आणि त्याच पेपरवर मिरची लावली. काकडी किंवा दोडका लावायचा नव्हता, कारण ती कलिंगडाच्याच कुळातली पिकं, रोग तेच.

मे महिन्यात पेपरवर लागवड करताना एक गोष्ट डोळ्यांनी पाहायला हवी. भर दुपारी छिद्रावर तळहात धरा. पेपरखाली कोंडलेली गरम वाफ त्या छिद्रातून वर येते आणि हाताला चटका देते. कोवळ्या रोपाचं खोड नेमकं तिथेच उभं असतं. खोड पेपरच्या कडेला टेकलं तर त्या रेषेवर आधी काळपट होतं, मग बारीक पडतं आणि दोन दिवसांत रोप आडवं होतं. लोक मर (रोप वाळवणारा बुरशीचा रोग) लागली म्हणून बुरशीनाशकाची आळवणी करत सुटतात. रोप उपटून पाहिलं तर मुळं पांढरी, चांगली असतात. खोडच पेपरच्या पातळीला करपलेलं असतं. यावर औषध नाही, लावण्याची पद्धत आहे. छिद्र चार इंचांचं पाडावं, लहान नको. आदल्या दोन दिवशी वाफा भिजवून आतली उष्णता कमी करावी. लागवड ऊन उतरल्यावर करावी आणि रोप लावलं की छिद्राची कड ओंजळभर मातीने दाबून टाकावी, म्हणजे वाफ तिथून बाहेर येणार नाही आणि खोड प्लास्टिकला लागणार नाही. ही ओंजळभर माती टाकायला एक बाई वेगळी लावली होती. ती मजुरी वाचवू नका असं मी कळकळीने सांगेन.

चंदेरी पेपरचा आणखी एक उपयोग मिरचीत दिसतो. पानाच्या खालच्या बाजूला उजेड परावर्तित होतो, त्यामुळे फुलकिडे आणि पांढरी माशी सुरुवातीला कमी बसतात. बोकड्या, म्हणजे पानं आकसून मुरडण्याचा रोग, याच किडींमुळे वाढतो, म्हणून सुरुवातीचे हे दिवस फार मोलाचे. झाड पसरून पेपर झाकला गेला की हा उपयोग संपतो, मग चिकट सापळे आणि फवारणी आलीच. फवारणी पूर्ण बंद होईल असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

पाण्याच्या बाबतीत पेपर दोन्ही बाजूंनी धोका देतो. वरून माती दिसत नाही, झाड दुपारी मान टाकतं आणि माणूस घाबरून मोटार सुरू करतो. काळ्या जमिनीत अशा जादा पाण्याने वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा यांचा मेळ, मोडतो, आणि मग खरोखरची मर येते. रोज सकाळी दोन-तीन ठिकाणी छिद्रातून हात घालून मूठभर माती काढावी आणि दाबावी. गोळा झाला आणि बोटाने दाबल्यावर फुटला तर वाफसा आहे. चिकट राहिला तर त्या दिवशी पाणी देऊ नये. उन्हाळ्यात एकदम दोन तास देण्यापेक्षा थोडं-थोडं, पहाटे, हे जास्त मानवतं. उलट गंमत पावसाळ्यात होते. जूनचा पहिला पाऊस पेपरवरून घसरून सरीत जातो. सरीत चिखल, लोक म्हणतात पाऊस झाला, ठिबक बंद. आणि गादीवाफ्याच्या मध्यात मात्र कोरडं. पहिल्या पावसानंतरही ठिबक काही दिवस चालू ठेवावं लागतं.

पेपरखालची नळी उंदीर कुरतडतात. ते दिसत नाही. एका ओळीच्या शेवटची झाडं मलूल दिसली किंवा फिल्टरजवळच्या घड्याळात दाब कमी दाखवला की पेपर चाचपत जायचं. जिथे मऊ, फुगीर लागतं तिथे नळी फुटलेली असते. आणि लव्हाळा, हे जमिनीतल्या गाठींपासून फुटणारं तण, असलेल्या रानात पेपरवर विसंबू नका. त्याची टोकं सुईसारखी पेपर भोसकून वर येतात, तीस मायक्रॉनचाही. लव्हाळ्याच्या गाठी आधी उन्हाळी नांगरटीने उघड्या पाडून वेचल्याशिवाय तिथे पेपरचा खर्च करू नये.

आता मोसंबी. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात हजारो हेक्टर मोसंबी वाळली. टँकर विकत घेऊन झाडं जगवणारी माणसं मी पाहिली आहेत आणि शेवटी कुऱ्हाड लावणारीही. त्यामुळे बागेत ओल टिकवायची गोष्ट निघाली की आमच्याकडे कुणी ती हसण्यावारी नेत नाही. आंबे बहार धरला की जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात आणि एप्रिल-मे महिन्यात, नेमकं पाणी आटतं तेव्हा, फळ बोराएवढं ते लिंबाएवढं असतं. मुळांना उष्णतेचा ताण बसला की गळ सुरू होते.

गोदाकाठाला आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यात ऊस आहे, त्यामुळे पाचट मिळतं. एकरभर उसातून तीन-चार टन निघतं आणि बरेच जण ते पेटवून देतात. आम्ही ट्रॉलीने आणून ठिबकच्या नळ्यांवर, झाडाच्या घेराखाली चार-पाच इंच जाड अंथरलं. खोडापासून फूटभर जागा मोकळी ठेवली. ही मोकळी जागा सोडू नये असं वाटण्याचा मोह होतो, पण पाचट खोडाला चिकटलं की ओल धरते आणि डिंक्याला, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगाला, वाट मिळते. खोडाला १:१:१० ची (मोरचूद, चुना, पाणी) बोर्डो पेस्ट आधीच लावून घेतली होती.

फरक हाताला कळतो. मे महिन्यात दुपारी उघड्या मातीवर अनवाणी उभं राहवत नाही. पाचट बाजूला सारून दोन-तीन इंच खाली बोट घातलं तर माती गार आणि ओली लागते, आणि पांढरी तंतुमुळं अगदी वर, पाचटाच्या तळाशी आलेली दिसतात. उघड्या ओळींतल्या मातीत तिथे मुळं नव्हतीच. एप्रिलअखेरीस पाचटाच्या ओळींना एक दिवसाआड पाणी चाललं, उघड्या ओळींना रोज द्यावं लागलं. गळ दोन्हीकडे झाली, पण पाचटाखाली निश्चित कमी.

पावसाळ्यात तेच पाचट कुजून गेलं. थोडा युरिया आणि पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकलं होतं, कारण नुसतं पाचट कुजताना झाडाचा नत्र ओढून घेतं. प्लास्टिक असं कुजून मातीत जात नाही. बागेत प्लास्टिक दुसऱ्या वर्षी फाटायला लागतं, शेणखत घालायला अडथळा होतो, पावसाचं पाणी मुळाशी जात नाही. बहारासाठी ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं असतं तेव्हा तर जमीन सुकतच नाही. पाचटाचंही तेच आहे, पण ते दाताळ्याने ओढून ओळीच्या मध्ये सारता येतं. काळ्या जमिनीत ताण बसायला आधीच वेळ लागतो, तेव्हा डिसेंबरात उरलेलं आच्छादन बाजूला सारावंच लागतं.

पाचटाचा मोठा धोका आगीचा. उन्हाळ्यात बांध पेटवायची सवय आपल्याकडे गेलेली नाही. शेजारच्या बांधावरून आलेली एक ठिणगी आणि सगळी बाग जाईल. म्हणून बांधाकडच्या दोन ओळींत पाचट अजिबात टाकलं नाही आणि मधेही वखरून उघडे पट्टे ठेवले. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलं. वाळवी मुरमाड भागात लागली, ओल राहिली तिथे नाही. साप-विंचवासाठी हातात काठी आणि पायात बूट, एवढं पाळलं.

शेवटी पेपर काढणं. मिरची संपली तेव्हा नोव्हेंबर होता. वाफे भिजवून, कडेची माती फावड्याने मोकळी करून पेपर ओढला. ३० मायक्रॉनचा लांबच लांब पट्टा निघाला, गुंडाळता आला. पातळ पेपर उन्हाने इतका कडक झाला होता की हातात चुरा आला, तुकडे मातीत राहिले. रोटाव्हेटर फिरवल्यावर ते सगळ्या रानात पसरले, अजूनही हरभऱ्याच्या ओळीत चमकतात. मुळं तिथे अडतात, पाणी अडतं, जनावरं चरताना तोंडात घेतात. सरसकट लोक पेपर बांधावर जाळतात. त्या धुरात कोणी श्वास घेऊ नये. भंगारवाले मातीने भरलेला पेपर नाकारतात, म्हणून आम्ही तो झटकून, वाळवून, गाठोडी बांधून दिला, तेव्हा घेतला. भाव नगण्य, पण रान स्वच्छ झालं. पातळ पेपरात रोलमागे जे वाचलं होतं ते तुकडे वेचणाऱ्या बायकांच्या मजुरीत गेलं, आणि तरी तुकडे संपले नाहीत. यापुढे ३० च्या खाली पेपर घेणार नाही.

या हंगामात भाजीपाल्याचं क्षेत्र तेवढंच ठेवलंय, पाचट मात्र सगळ्या मोसंबीला पुरेल एवढं कारखान्याच्या तोडणीआधीच सांगून ठेवलंय. जानेवारी उलटला की ट्रॉल्या मिळत नाहीत. पेपर घेणाऱ्यांसाठी एक सूचना: एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात प्लास्टिक मल्चिंगला अनुदान आहे, अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा. पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी केली तर बिल धरलं जात नाही, तेव्हा जानेवारीची लागवड असेल तर अर्ज पावसाळ्यातच टाकून ठेवा.