आधी रुओशी बघावी की यिंगलुओ?

चिनी ऐतिहासिक प्रेमकथांची गोडी नुकतीच लागलेल्या मैत्रिणी एक प्रश्न हमखास विचारतात: 'स्कार्लेट हार्ट' आधी बघू की 'स्टोरी ऑफ येनशी पॅलेस'? दोन्ही मालिका छिंग राजवटीतल्या, राजवाडाही तोच. पण एक बघून माणूस आठवडाभर गप्प होतो, आणि दुसरी लावली की रात्री दोन वाजता 'अजून एकच भाग' म्हणतो.

'स्कार्लेट हार्ट' 2011ची, 35 भागांची. आजच्या काळातली एक मुलगी अपघातानंतर कांगशी सम्राटाच्या काळात, रुओशी म्हणून जागी होते. (कांगशी म्हणजे शिवाजी महाराजांचा समकालीन, एवढं लक्षात ठेवलं की काळाचा अंदाज येतो.) तिला इतिहास पाठ आहे. 1722मध्ये गादी चौथ्या राजपुत्राला मिळणार, आठवा हरणार, सगळं ठाऊक. तरी ती आधी प्रेमात पडते ती आठव्याच्याच.

इथेच चीनमधल्या प्रेक्षकांत दोन तट पडले, चौथ्याचे आणि आठव्याचे, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. मी चौथ्याच्या बाजूची. आठवा तिच्या मनगटात जेडचं कडं चढवतो, ते तिला काही केल्या निघत नाही. चौथा तिला मॅग्नोलियाच्या फुलाचा केसांत खोचायचा काटा देतो. काटा हवा तेव्हा काढून ठेवता येतो. माझ्यासाठी सगळा फरक तिथेच आहे.

रुओशीचं मन फार डळमळतं, उत्तरार्धात नुसती रडारड आहे, ही तक्रार खूपजण करतात. मला ती पटत नाही. आपल्या माणसांचं पुढे काय होणार हे ज्या बाईला माहीत आहे, तिचा पाय प्रत्येक पावलाला अडखळणारच. आणि तिनं काळजीपोटी दिलेला एक इशाराच पुढच्या अनर्थाला कारण होतो, तो क्षण बघून मी स्क्रीन बंद करून बसले होते.

'येनशी' 2018ची, 70 भागांची, तरी भराभर संपते. वेई यिंगलुओ बहिणीच्या मृत्यूचा छडा लावायला भरतकाम करणारी दासी म्हणून वाड्यात शिरते आणि कुणाचं काही उधार ठेवत नाही. सोसणाऱ्या नायिकांना कंटाळलेल्या प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं. त्या वर्षी गूगलवर जगात सर्वाधिक शोधली गेलेली मालिका हीच. प्रेमकथा मात्र मागे राहते. यिंगलुओच्या प्रेमात पडलेल्या फुहेंग या शाही रक्षकावर जीव जडलेले प्रेक्षक तिला आपल्या राण्यांत घेणाऱ्या सम्राटाला आजही माफ करत नाहीत, आणि खरं प्रेम यिंगलुओ आणि फुचा सम्राज्ञी या दोघींमधलंच, असं म्हणणारेही पुष्कळ. मलाही तसंच वाटतं. सम्राज्ञीच्या केसांत सोन्याऐवजी रेशमी धाग्यांची फुलं दिसतात. ती खरोखरच साधी राहायची अशी नोंद आहे. ती गेल्यावर मालिकेतली ऊबच जाते.

माझं मत, आधी 'स्कार्लेट हार्ट'. कारण 'येनशी'तला छ्येनलोंग सम्राट त्याच चौथ्या राजपुत्राचा मुलगा. बापाला गादी किती महाग पडली हे बघून आलात, तर मुलाच्या वाड्यातली शांतता वेगळी ऐकू येते. पण सध्या घरात कुणाचं आजारपण चालू असेल, मन आधीच जड असेल, तर 'येनशी'नेच सुरुवात करा. रुओशीसाठी जरा निवांत दिवस लागतात.